पाणी सुटण्याची वेळ: राफ्टिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोलाडच्या कुंडलिका नदीवरील राफ्टिंगची, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून (राफ्टमधून) खळाळत्या पाण्यातून जाण्याची, थोडक्यात माहिती दिली होती. त्यावर पेणपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बहुतेकांना काळजी डोहाची आहे, खोल पाण्याची आहे. पण राफ्टिंगमध्ये माणूस अडचणीत येतो तो बहुतेक वेळा उथळ पाण्यात आणि चुकलेल्या वेळेमुळे. म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत. प्रश्न जागेअभावी संक्षिप्त केले आहेत.

*

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जण कोलाडला गेलो. वाटेत नाश्त्याला थांबलो, पोहोचायला साडेदहा वाजले. ‘पाणी गेलं, आता उद्या या,’ असं सांगितलं गेलं. आगाऊ भरलेले पैसेही परत मिळाले नाहीत. नदी तर समोर वाहत होती. मग पाणी गेलं म्हणजे काय?
— एक वाचक, पेण

कुंडलिकेतलं राफ्टिंगचं पाणी पावसाचं नसतं, विजेचं असतं. मुळशी धरणाचं पाणी खरं तर पूर्वेला भीमेकडे जाणारं. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत आणून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. तिथून निघालेलं पाणी खाली अडवतात, त्यावर पुन्हा रवाळज्याला वीज तयार होते आणि मग ते नदीत येतं. राफ्ट पाण्यात घालतात ती जागा याच्याच खाली आहे. (या धरणासाठी मावळातली गावं बुडाली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे पाणी कुठून आलं, ते त्यांना जरूर सांगा.)

जनित्रं विजेच्या मागणीप्रमाणे चालतात. सोडलेलं पाणी साधारण सकाळी काही तास भरपूर असतं. जनित्र थांबलं की वरच्या टप्प्यातले कातळ उघडे पडू लागतात. तुम्हाला समोर दिसत होती ती नदीची नेहमीची धार. तिच्यावर राफ्ट दर पन्नास पावलांवर दगडाला घासून अडकते. शिवाय सोडलेलं पाणी एका लोंढ्यासारखं खाली सरकत असतं. राफ्ट त्या लोंढ्याच्या मधोमध हवी. उशिरा निघालात तर लोंढ्याची शेपटी पुढे निघून जाते आणि १२-१३ किलोमीटरच्या पट्ट्यात शेवटी राफ्ट ढकलत न्यावी लागते. एकाही चांगल्या गाईडला ते नको असतं.

तेव्हा आदल्या रात्री कोलाड किंवा रोह्याला मुक्काम करा आणि सकाळी साडेसातपर्यंत ठरल्या जागी हजर राहा. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा, उद्या पाणी सुटणार आहे का आणि किती वाजता. सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद असतात, मागणी घटते आणि पाणी कमी सुटू शकतं. पैशांचं आधीच लेखी घ्या: पाणीच सुटलं नाही तर काय आणि आपण उशिरा पोहोचलो तर काय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पैसे परत मागणं रास्त आहे. दुसऱ्यात बहुतेक आयोजक देत नाहीत.

एक जास्तीची सूचना, राफ्टिंग न करणाऱ्यांसाठीही. पाणी कमी असताना खालच्या गावांजवळ नदीतल्या कातळावर डबे उघडून बसलेली कुटुंबं दिसतात. वर पाणी सोडलं की कडक उन्हातही नदी चढते. आभाळ कोरडं आहे यावर विसंबू नका. गावकऱ्यांना पाण्याची वेळ विचारा आणि मगच पात्रात उतरा.

*

आम्ही देवगडचे, खाडीत पोहत मोठे झालो. भरतीच्या वेळी पुलावरून उड्या मारलेल्या आहेत. राफ्टिंगला सगळ्यांना लाईफ जॅकेटची सक्ती कशाला? उलट जॅकेटने पोहता येत नाही.
— एक वाचक, देवगड

तुमच्या पोहण्याबद्दल शंका नाही. पण खाडीत शिकलेल्या तीन सवयी वाहत्या नदीत उलट्या पडतात.

पहिली गोष्ट, समुद्राचं पाणी जड असतं, ते माणसाला उचलून धरतं. नदीचं पाणी तेवढं धरत नाही. त्यातून राफ्टिंगची मजा असते त्या पांढऱ्या फेसात पाण्याइतकीच हवा मिसळलेली असते. हवेवर कोण तरंगणार? तिथे पट्टीचा पोहणाराही खाली जातो आणि हात मारले तरी पकड मिळत नाही. जॅकेट तिथे कामाला येतं.

दुसरी सवय जास्त घातक आहे. पाणी कमरेएवढं किंवा गुडघ्याएवढं दिसलं की आपण पाय टेकून उभे राहतो. खाडीच्या चिखलात किंवा वाळूत ते चालतं. कुंडलिकेचा तळ मात्र गोट्यांचा आणि भेगाळ कातळाचा. पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि मागून पाणी आलं की शरीर पुढे झुकतं, पाऊल मात्र अडकून राहतं. मग छातीएवढ्या पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो, म्हणून ‘मी ताकदवान आहे’ याला तिथे अर्थ उरत नाही. राफ्टमधून पडलेल्या माणसाने पाणी संथ होईपर्यंत किंवा पोटाला तळ लागेपर्यंत उभं राहायचंच नाही.

पडल्यावर करायचं ते असं. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, गुडघे किंचित वाकलेले, पायांची बोटं पाण्याबाहेर स्वतःला दिसतील इतकी वर. बूड वर उचललेलं ठेवा, नाहीतर दगड तिथेच लागतो. पुढून कातळ आला तर तळव्यांनी रेटा. श्वास लाटेच्या खळग्यात घ्या, माथ्यावर तोंड मिटा. काठाकडे जायचं तर प्रवाहाशी तिरके होऊन हात मारा. सरळ काठाकडे झुंजत राहिलात तर दम तेवढा जातो.

तिसरी सवय म्हणजे दिसेल त्या फांदीला धरणं. पावसाळ्यानंतर काठावरची उन्मळलेली झाडं, बांबूची बेटं पाण्यात लोंबत असतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस गाळणीतल्या चोथ्यासारखा अडकतो. लांबूनच टाळा. टाळता येणारच नसेल तर पाय पुढे करण्याचा नियम तेवढ्यापुरता सोडा: पालथे व्हा, डोकं पुढे, जोरात पोहत जा आणि ओंडक्यावर छातीपर्यंत चढून पलीकडे पडा. पाय आधी गेले तर ते ओंडक्याखाली ओढले जातात.

*

मुलगा १२ वर्षांचा, मुलगी १५ ची. दोघांना नेता येईल का? जॅकेट नीट बसलंय हे आईला कसं कळणार?
— एक आई, रत्नागिरी

कुंडलिकेचा हा पट्टा दोन ते तीन ग्रेडचा आहे. आंतरराष्ट्रीय मोजपट्टी एक ते सहा अशी आहे: एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. तीन ग्रेडला लाटा राफ्टवर येतात आणि माणूस पडू शकतो. म्हणून इथले बहुतेक आयोजक १४ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मुलगी जाऊ शकेल. मुलाचं वय वाढवून सांगू नका. वयापेक्षा अंगकाठी महत्त्वाची: बारीक मुलाच्या अंगातून मोठ्यांचं जॅकेट वर निघून येतं.

जॅकेटची परीक्षा अशी. सगळे पट्टे सैल करून घाला. कमरेचा पट्टा आधी आवळा, मग वर वर जा, खांद्यांचे शेवटी. आता मुलीला हात खाली ठेवायला सांगा आणि दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून जॅकेट जोरात वर उचला. ते हनुवटीला किंवा कानांना लागलं तर सैल आहे किंवा माप चुकलंय. बोट दाबून आतला फोम पाहा. जुना झालेला फोम दबतो तो परत फुगत नाही, आणि तसं जॅकेट बाहेरून कितीही नारिंगी असलं तरी तरंगवत नाही. तुटलेल्या बक्कलऐवजी नाडीची गाठ मारलेली दिसली तर सरळ दुसरं मागा. संकोच करू नका.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ उघडं टाकणारं नको. हनुवटीचा पट्टा लावून डोकं हलवायला सांगा. हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे.

*

वय ६१. रक्तदाबाची गोळी चालू आहे, उजवा गुडघा दुखतो. नातवंडं आग्रह करताहेत.
— एक वाचक, चिपळूण

रक्तदाब आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर हरकत नाही. हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, फिट येणं, निखळणारा खांदा, गरोदरपण यांत मात्र नको. गुडघ्याचं म्हणाल, तर राफ्टच्या कडेवर बसून पाऊल राफ्टमधल्या आडव्या फुग्याखाली खोचावं लागतं आणि त्याच गुडघ्यावर ताण येतो. उजवा दुखतो ना, मग डाव्या बाजूला बसा, म्हणजे उजवा पाय आतल्या बाजूला राहील. मधल्या ओळीत जागा मागा, तिथे हिसका कमी बसतो. आजार गाईडला निघण्यापूर्वी सांगा, नातवंडांसमोर सांगायचा नसेल तर बाजूला घेऊन सांगा.

*

कपडे काय घालावेत? चष्मा आहे.
— एक वाचक, मुरुड

लवकर वाळणारी पँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. जीन्स नको, साडी-ओढणी नको, अंगठी-बांगड्या नकोत. चपला पहिल्याच रॅपिडमध्ये (खळाळत्या पाण्याच्या टप्प्यात) वाहून जातात. टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाईल खोलीवर ठेवा.

*

राफ्ट उलटली तर नेमकं काय करायचं? गाईड दहा मिनिटांत भराभर सांगतात, पाण्यात गेल्यावर काही आठवत नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा गट, महाड

म्हणूनच ते आधी वाचून ठेवलेलं बरं. आदेश इंग्रजीतच देतात, कारण सगळ्या गटांना तेच समजतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, होल्ड ऑन, गेट डाऊन. ‘गेट डाऊन’ म्हटलं की कडेवरून राफ्टच्या तळाशी बसायचं, एक हात दोरीला, वल्हं बाहेरच्या बाजूला.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. तो हात तिच्यावरून कधीही काढू नका. राफ्टिंगमध्ये दात पडतात, ओठ फाटतात ते दगडाने कमी आणि शेजाऱ्याच्या मोकळ्या सुटलेल्या मुठीने जास्त.

आता सगळ्यात चुकणारा आदेश: ‘हाय साईड’. राफ्ट आडवी होऊन कातळाला लागते. आपलं मन म्हणतं, कातळापासून दूर सरका. सगळे मागे सरकले की प्रवाहाकडची कड खाली दबते, पाणी तिच्यावर चढतं आणि राफ्ट कातळाला पापडासारखी गुंडाळली जाते. करायचं उलट: सगळ्यांनी कातळाच्या बाजूच्या कडेवर झेप घ्यायची, अंगाचं वजन तिथे टाकायचं. प्रवाहाकडची कड हलकी होते, पाणी खालून जातं आणि राफ्ट सुटते. दोन सेकंदांचा खेळ आहे. ‘का’ हे आधी माहीत असेल तरच पाय तिकडे वळतात.

उलटलीच आणि तुम्ही खाली सापडलात, तर डोक्यावर राफ्टचा तळ लागेल. घाबरून पुन्हा तिथेच डोकं आपटू नका. दोन्ही हात वर टेकवा आणि हातावर हात टाकत एकाच दिशेने कडेला या. आत बहुधा श्वासापुरती हवा असते. बाहेर आल्यावर बाहेरची दोरी धरा, पण राफ्टच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. राफ्ट आणि कातळ यांच्यामध्ये तुम्ही कधीच असता कामा नये.

काठावरून दोरीची पिशवी फेकली जाते. त्यात १५ ते २० मीटर दोरी असते. पिशवी धरू नका, ती सुटत जाते. दोरी धरा, छातीशी दोन्ही हातांनी. दोरी खांद्यावरून मागे जाऊ द्या आणि पाठीवर पडून राहा, म्हणजे ती ओढली गेल्यावर पाणी तोंडावर न येता डोक्याभोवती फुटतं. मनगटाला वेढा कधीही घालू नका.

पडलेल्याला राफ्टमध्ये घेताना हात धरून ओढू नये, ओला हात सुटतो आणि खांदा निखळतो. त्याचं तोंड राफ्टकडे करा, जॅकेटच्या दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरा, आपले गुडघे कडेला टेकवा, त्याला पाय मारायला सांगा आणि स्वतः मागे पडा. साठ किलोची मुलगी अशाने नव्वद किलोच्या माणसाला आत घेते.

*

पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टोचे रुग्ण निघतात. राफ्टिंगमधून लेप्टो होऊ शकतो का? आणि आमच्या जवळ काही आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

होऊ शकतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरं, डुकरं यांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि जखमेतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून शरीरात शिरतात. नदीतल्या अशा खेळांमधून तो झाल्याच्या नोंदी जगात आहेत. १९९६ मध्ये कोस्टा रिकाच्या नद्यांवर राफ्टिंग करून अमेरिकेत परतलेल्या २६ जणांच्या गटातले ९ जण आजारी पडले. २००० साली मलेशियात बोर्निओ बेटावरच्या साहसी शर्यतीनंतरही स्पर्धकांमध्ये साथ निघाली आणि तिचा संबंध नदीत पोहण्याशी लागला.

पायाला भेगा, जखमा असतील तर जलरोधक पट्टी लावा, तीन-चार दिवसांची ताजी जखम असेल तर जाणं पुढे ढकला. पाणी गिळू नका. परतल्यावर साबणाने आंघोळ करा. पूर येऊन गेल्यावर लगेच नदीत उतरणार असाल तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविक (अँटिबायोटिक) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. आठवड्याला २०० मिलिग्रॅम असा प्रतिबंधक डोस वापरात आहे, पण तो गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी नाही, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. आजार साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतो, कधी महिन्याभरानेही. ताप, लालबुंद डोळे आणि पोटऱ्यांना हात लावू देणार नाही इतकी दुखणारी अंगदुखी ही ठळक लक्षणं. त्या वेळी डॉक्टरांना ‘मी नदीत होतो’ हे सांगायचं विसरू नका. हे एक वाक्य सांगितलं नाही म्हणून उपचार लांबतात.

तुम्हाला जवळ पडेल ती गोव्याची म्हादई. सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ साधारण जून ते सप्टेंबर राफ्टिंग चालतं. ती नदी मात्र खरोखरच पावसावर चालते. मुसळधार पावसात आयोजकांनी फेरी रद्द केली तर त्यांचे आभार माना.

*

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला परदेशात गाईडसह राफ्टिंगची सहल करायची आहे. बाली, श्रीलंका की कोस्टा रिका?
— एक दांपत्य, गुहागर

दोघंही आधी एकदा कुंडलिकेवर जाऊन या. तिथे गाईडचे आदेश अंगवळणी पडले की परदेशात पैसे सार्थकी लागतात.

श्रीलंकेत कितुलगला हे गाव केलानी नदीवर आहे. दोन-तीन ग्रेडचं पाणी, भोवती गर्द झाडी, हवा थेट आपल्या कोकणासारखी. इथेही वरच्या वीजप्रकल्पांवर पाणी अवलंबून असल्याने पेणच्या वाचकांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे. बालीत उबुदजवळची आयुंग नदी सोपी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चांगली. फक्त दरीत उतरायला आणि परत चढायला शेकडो पायऱ्या आहेत, आणि त्या राफ्टिंगपेक्षा जास्त दमवतात. करंगासेम भागातली तेलागा वाजा जास्त वेगवान. बालीचा पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या उलट. मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे कोरडा हंगाम असतो.

कोस्टा रिकाची पाकुआरे नदी या चौघींत खरी मोठी. तीन-चार ग्रेडची, पावसाळी जंगलाच्या घळीतून कॅरिबियन समुद्राकडे जाणारी. तुरियाल्बा गाव हे त्या भागातलं राफ्टिंगचं केंद्र. घळीत शिरल्यावर मधेच बाहेर पडायला फारसा रस्ता नाही, आणि त्या उतारावर पाऊस वर्षभर असतो. दोघंही तीन ग्रेडला सरावलेले असाल तरच तिचा विचार करा.

देश कुठलाही असो, आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पत्राने विचारा: राफ्टसोबत पुढे सुरक्षेसाठी कयाक (छोटी निमुळती होडी) असते का, एका गाईडमागे किती माणसं, गाईडला प्रवाहातल्या बचावाचं प्रशिक्षण आहे का, नदी किती वर चढली की फेरी रद्द करता. शेवटच्या प्रश्नाला आकडा किंवा नदीतली ठरलेली खूण सांगणारा आयोजक निवडा. ‘काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. प्रवास विम्यात साहसी खेळ सहसा वगळलेले असतात, ते पुरवणी भरून घालून घ्या आणि कितव्या ग्रेडपर्यंत, तेही बघा.

आपल्याकडेही शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं असून आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कोलाडला ते प्रमाणपत्र पाहायला मागणं हा तुमचा हक्क आहे.

*

मी माणगावचा. बारावी झाली, नदीत पोहता येतं. राफ्टिंग गाईड व्हायचं आहे. सुरुवात कुठून?
— एक तरुण वाचक

जरूर व्हा. नदीकाठच्या मुलांनी या कामात यावं असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण पाणी चढलं-उतरलं हे तुम्हाला दगडावरच्या ओल्या रेषेवरून कळतं. प्रथमोपचार आणि सीपीआर आधी शिका, मग प्रवाहातल्या बचावाचा अभ्यासक्रम करा. इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशनची गाईड परीक्षा असते, पुढे परदेशात काम करायचं तर ती उपयोगी पडते. पहिला हंगाम अनुभवी गाईडच्या हाताखाली काढा.

पहिल्या दिवसापासून मिळणारं काम म्हणजे हवा भरणं, आणि ते नीट शिका. राफ्टच्या बाहेरच्या फुग्यात सहसा चार कप्पे असतात, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तरंगवतात. एकच कप्पा आधी गच्च भरू नका. आतला पडदा शेजारच्या रिकाम्या कप्प्यात फुगतो, ताणतो आणि शिवण जाते. चारही अर्धे अर्धे भरत या, मग क्रमाने घट्ट करा, आडवे फुगे आणि तळ शेवटी. दाब साधारण दोन ते अडीच पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक). कोकणच्या उन्हात काठावर ठेवलेली राफ्ट तासाभरात तापते, आतली हवा फुगते आणि चांगली राफ्टही शिवणीत उसवते. म्हणून उन्हात ठेवताना थोडी हवा सोडायची. तीच राफ्ट धरणाच्या गार पाण्यात उतरली की मऊ पडते. प्रवासी बसवण्यापूर्वी तिला पाच मिनिटं पाण्यात ठेवा, अंगठ्याने दाबून पाहा आणि पुन्हा पंप मारा.